ग्लॅमर आणि दादाची सुकेळी

४ नोव्हेंबर, मंगळवार

फिरणं नाही. गुडघा. विरारच्या या तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही हे रोज नव्याने कळतं.

संध्याकाळी मनू आली, कॉलेजातून थेट, पाठीवर दप्तर तसंच. दादाची नात अकरावीत गेली हे अजून डोक्यात शिरत नाही. गावातल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला स्पर्धा आहे, 'एका शब्दाची गोष्ट'. कोणत्याही भाषेतला एक शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला ते पाच मिनिटं मराठीत सांगायचं. हिने घेतला ग्लॅमर.

का, विचारलं.

"भारी वाटतो ना भाऊआजोबा. नुसता बोलला तरी चमकतो. आणि तुम्हाला माहीत असणारच."

असणारच. या एका 'असणारच'वर माझी चाळीस वर्षं निघाली. गुरुवारी ये म्हटलं.

पाऊस लांबला म्हणून दादाने अजून केळी वाळत घालायचा मांडव बांधलेला नाही, म्हणाली. म्हणजे यंदा सुकेळी उशिरा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जाडा कोश काढला, धूळ झटकली. शब्दाचं मूळ मला अंधुक आठवत होतं, वाचल्यावर लख्ख झालं. म.ला सांगताना मजा आली हे कबूल करतो. असं शिकवायला मिळून किती दिवस झाले. हल्लीच्या क्लासच्या पोरांना फक्त पेपरात येईल तेवढंच हवं असतं.

तिने वहीत उतरवलं ते असं: ग्रीकमध्ये ग्रामा म्हणजे अक्षर. त्यातून ग्रामर. जुन्या काळी ग्रामर म्हणजे नुसतं व्याकरण नव्हे, सगळीच पुस्तकी विद्या. पुस्तक वाचणारा गावात एखादा. बाकीचे बघायचे, हा माणूस काळ्या रेघांकडे बघतो आणि ओठ हलवतो, म्हणजे याला मंत्रतंत्र येत असणार. स्कॉटलंडच्या लोकांनी ग्रामरचं ग्लॅमर केलं, आणि त्याचा अर्थ झाला चेटूक. तेही डोळ्यांवरचं. नाही ते दिसायला लागतं. कुणाच्या डोळ्यांवर ग्लॅमर टाकणं असं म्हणायचेच तिकडे. रूप, झगमगाट, सिनेमा हे सगळं फार नंतर आलं.

"म्हणजे आधी टीचर ग्लॅमरस होते आणि हिरोइन नंतर?" म. म्हणाली. हसलो.

मराठीत काय म्हणायचं यावर बराच वेळ गेला. भुरळ, मोहिनी. शेवटी जत्रेतल्या खेळाचा शब्द घेतला, नजरबंदी. मग तिने स्वतःचं एक वाक्य लिहून दाखवलं. 'ज्याला अक्षर येत नाही त्याच्या डोळ्यांवर अक्षर येणाऱ्याने टाकलेली भूल.'

छान म्हणालो. ती गेल्यावर चहा परत गरम केला आणि प्यायचा राहिला.

९ नोव्हेंबर, रविवार

नंदाखालला, आमच्या गावी. दादा वाडीत मांडवाच्या खुंट्या ठोकत होता. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मी आठ वर्षांनी धाकटा, आणि ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत होतो. हात लावायला गेलो तर म्हणाला, "तू बस. तुना जमाचं नय ते." हे तो मी दहा वर्षांचा असल्यापासून म्हणतोय.

वहिनीने केळफुलाची भाजी केली होती. जेवणाआधी म.ने भाषण वाचून दाखवलं. चांगलं बांधलंय. शेवट मात्र मला माहीत नव्हता.

"आमच्या घरातही असा एक जादूगार आहे. माझे भाऊआजोबा. माझ्या आजोबांनी चौथीत शाळा सोडली आणि विहिरीवर उभे राहिले, म्हणून भाऊआजोबा शिकले आणि आमच्या घराण्यातले पहिले ग्रॅज्युएट झाले. त्यांच्या अक्षरांची जादू मात्र खोटी नाही."

दादाने पंच्याने डोळे पुसले. "हे शेवटचं मोठ्यान बोल," म्हणाला. "मी पुढच्या खुर्चीवर बसणार."

वहिनीने भाजी पुन्हा वाढली. खाल्ली असणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

लिहून टाकतो. कुठेच लिहिलेलं नाही आजवर.

मी बी.ए. नाही.

शेवटच्या वर्षी वसईच्या किल्ल्यात सिनेमाचं शूटिंग लागलं होतं. गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती. कॉलेजला म्हणून घरून निघायचो आणि किल्ल्यात जायचो. पत्र्याचं शिरस्त्राण, हातात लाकडी भाला, दुपारी पुरीभाजी. हिरोइन एकदा आमच्या रांगेसमोरून गेली आणि हसली, बहुतेक दुसऱ्याच कुणाकडे बघून. त्यापायी महिना-दीड महिना घालवला. त्याच महिन्यांत दादा पहाटे चारला उठून वाडी शिंपत होता, भाऊ शिकतोय म्हणून. दोन पेपर गेले.

निकाल इंग्रजी पेपरात यायचे. नुसते नंबर, बारीक टायपात, प्रत्येक परीक्षेची यादी वेगळी. मी निकाल बघायला मुंबईला कॉलेजात गेलो, आणि इकडे दादाने स्टेशनावरून पेपर आणला. त्याला अंक येत होते, इंग्रजी अक्षरं नाहीत. माझा नंबर पाठ केला होता. तो त्याला सापडला. सापडला बी.कॉम.च्या यादीत, दुसऱ्याच कुणा पोराचा.

मी दुपारी घरी पोचलो तोवर अर्ध्या आळीत सुकेळी वाटून झाली होती. विकायला म्हणून मे महिन्यात बांधून ठेवलेले पुडे, त्या वर्षीचे शेवटचे. उरलेल्या घरांना दादाने मला बरोबर नेलं. तो पुढे टोपली घेऊन, मी मागे. एका ओट्यावर मी तोंड उघडलं होतं. नक्की उघडलं होतं. तेवढ्यात त्या घरच्या म्हातारीने त्यात सुकेळं कोंबलं.

ते चावून होईपर्यंत आम्ही पुढच्या घरी पोचलो होतो.

ऑक्टोबरला बसायचं ठरवलं होतं. पण पास झालेला माणूस परत परीक्षेला कसा बसेल? शाळेत नोकरीला जायचं तर कागद मागतात, म्हणून क्लास काढला. लोक म्हणायचे, भाऊला चाकरी मानवत नाही, मानी माणूस. मानी! नलूच्या वडिलांनी मुलगी दिली ती बी.ए.ला दिली. नलूला जाऊन सहा वर्षं झाली, तिलाही सांगितलं नाही. शेवटच्या आजारात दोनदा ओठांवर आलं होतं. दोन्ही वेळा वाटलं, आता कशाला तिला त्रास. त्रास तिला व्हायचा नव्हता, मला व्हायचा होता.

दादा दरवर्षी पहिल्या खेपेच्या सुकेळ्यांचा पहिला पुडा मला पाठवतो. वाळलेल्या केळीच्या पानात बांधलेला, वर केळीच्याच सोपटाची दोरी आणि दोरीत खोचलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात 'भाऊ बी. ए.' एक वर्ष चुकलेलं नाही. सगळ्या चिठ्ठ्या कोशात ठेवल्या आहेत. परवा कोश झटकला तेव्हा दोन खाली पडल्या. म.ने उचलून दिल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

क्लासला चार पोरं. दोन झोपेत.

म.चा फोन. भाषणाच्या वेळी मागे पडद्यावर चित्रं दाखवता येतात, तर डिग्री सर्टिफिकेटचा फोटो पाठवा. म्हटलं, ते जुन्या घरी तळमजल्याला पाणी शिरलं तेव्हा गेलं. कुठल्या वर्षी, तिने विचारलं. वर्षही सांगितलं, लगेच.

खोटं बोलायला मला आता थांबावंसुद्धा लागत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार



दादाने निरोप पाठवून बोलावलं. ओट्यावर जुनी पत्र्याची ट्रंक. "सर्टिफिकेट गेलं तर गेलं," म्हणाला, "हे हाय ना." आत आईचं लुगडं, लुगड्यात प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये तो पेपर. मला वाटलं होतं वाळवीने खाल्ला असेल. खरं तर तशी आशा होती. म्हणे आजवर कुणाला हात लावू दिला नाही, वहिनीलाही नाही. नंबरावर कुंकवाचं बोट ओढलेलं, ते आता तपकिरी पडलंय.

म. खूश झाली. फोनने फोटो काढला, बोटांनी मोठा केला, नंबर बघितला. मग सगळी यादी बसावी म्हणून जरा वरून दुसरा काढला. तोही मोठा केला. त्यात यादीचं शीर्षक आलं होतं.

वहिनी आतून विचारत होती, चहात आलं घालू का. म.ने फोनवरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी पेपराकडे. मग ती दादाला म्हणाली, "आजोबा, कागद खूप पिवळा पडलाय, फोटो नीट येत नाही. राहू दे."

"परत काढ. उन्हात धरू का?"

"नको आजोबा. फाटेल."

माझ्यासाठी बोललेलं तिचं हे पहिलं खोटं. सोळा वर्षांची आहे. किती सहज बोलली. आमच्याच घरची.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

म. गुरुवारी आली नाही. आज मेसेज: 'भाषण पाठ झालंय. याल ना.'

मी लिहिलं, 'मनू, तुला जे दिसलं ते'. खोडलं. 'बाळा, त्या दिवशी'. खोडलं. शेवटी 'हो येतो' पाठवलं, पुढे अंगठा. आयुष्यभर लोकांना पत्रलेखन शिकवलं.

तिला विचारायला हवं होतं, शेवटचा परिच्छेद ठेवलास का. ठेवला असेल तर सगळ्यांसमोर माझ्यासाठी खोटं बोलणार. काढला असेल तर दादा विचारणार का काढला. दोन्हीकडून ती सापडते. मी सापडत नाही कुठेच, हीच तर माझी कमाल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बोर्ड काढला. गॅलरीच्या गजाला तारेने बांधलेला, 'इंग्रजीचे खास वर्ग' आणि खाली माझं नाव, पुढे ती दोन अक्षरं. भुईगावच्या फ्रान्सिसने रंगवून दिला होता, माझाच विद्यार्थी. दर ख्रिसमसला केक घेऊन येतो आणि विचारतो, सर, बोर्ड फिका पडला, नवा करून देऊ? यंदा काय सांगणार.

तार गंजलेली, पक्कड सापडेना. वॉचमन खालून ओरडला, "सर, क्लास बंद किया क्या?" म्हटलं नाही, धुवायला काढलाय.

धुवायला! बोर्ड पलंगाखाली सारला. हेही लपवणंच झालं म्हणा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नंदाखालला जायला निघालो होतो. आगाशीपर्यंत रिक्षाने गेलो. नाक्यावर उतरून दादासाठी बिडीबंडल घेतलं, वहिनीने बंद केलंय हे माहीत असून. मग विरारची रिक्षा पकडून परत. बंडल खिशातच.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मी त्यालाही रंग देईन.

वाचनालयाचा हॉल भरलेला. दादा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत, शेजारी वहिनी, वहिनीशेजारी मी. म. चौथी बोलायला उभी राहिली. छान बोलली. अक्षर, ग्रामर, चेटूक सगळं घोटलेलं. 'आधी टीचर ग्लॅमरस होते' यावर लोक हसले. मग शेवट आला. दादा खुर्चीत पुढे सरकला.

"आमच्या घरातही असा एक जादूगार आहे. माझे भाऊआजोबा. माझ्या आजोबांनी चौथीत शाळा सोडली आणि विहिरीवर उभे राहिले, म्हणून भाऊआजोबा शिकले, आणि..."

इथे थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम.

"...आणि त्यांनी मला शिकवलं. धन्यवाद."

टाळ्या झाल्या. शेवटची ओळही गाळली. 'जादू खोटी नाही' ती.

नंबर आला नाही. तिसरा आला असता, पण शेवट अर्धवट वाटला असं परीक्षक म्हणाल्या. बाहेर चपला घालताना दादाने तिला धरलं. "बी.ए. का नय बोलली?"

"विसरले आजोबा."

"विसरली? सगळी पोपटासारखी बोलली नि घरचा मान तेवढा विसरली? मी का ऐकाला आलतो? तुझं चेटूक?"

आजूबाजूला ओळखीची माणसं. दादा कधी आवाज चढवत नाही, म्हणून सगळे वळले. म. खाली बघून उभी होती. "सॉरी आजोबा," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, अजूनही.

आणि मी म्हणालो, "असू दे दादा. लहान आहे."

हे मी म्हणालो. दुसरं कुणी नाही. असू दे, लहान आहे. चार शब्द. जसा मीच तिला मोठ्या मनाने माफ करत होतो.

दादा म्हणाला, "तू लय मऊ हायस भाऊ."

१ डिसेंबर, सोमवार

ओठांवरून ते चार शब्द जात नाहीत. दात घासताना, कुकर लावताना. परीक्षेत नापास झालो ती पंचविशीच्या आतली चूक होती. काल मी पासष्ट वर्षांचा होतो.

म.ला फोन केला. पहिल्यांदा कट केला तिने, मग स्वतः लावला.

"मनू, तू का ऐकून घेतलंस?"

"मग काय करणार होते? तिथे सगळ्यांसमोर बोलणार होते?" आवाज घोगरा. मग म्हणाली, "मला ना भाऊआजोबा, तुम्ही नापास झालात त्याचं काहीच वाटत नाही. माझ्या वर्गात निम्मे होतात. पण आजोबा कालपासून माझ्याशी बोलत नाहीयेत."

मी काय म्हणालो आठवत नाही. काहीतरी शिक्षकी.

"तुम्ही सांगा त्यांना," म्हणाली. "मी नाही सांगणार. कधीच नाही. पण मला विचारलं ना परत, तर मला परत विसरले म्हणावं लागेल."

४ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

वाडीत, मांडवापाशी. पहिली खेप वाळत घातली होती, सोललेली राजेळी केळी ओळीने, सहावा दिवस, रंग मधासारखा व्हायला लागलेला. दुपारी ती उलटावी लागतात, एकेक, हलक्या हाताने. दादा एका टोकाने उलटत येत होता. यंदा मी न विचारता दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. काही म्हणाला नाही. त्याच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून ते बरं पडलं.

म्हटलं, दादा, तो नंबर माझा नव्हता.

सगळं सांगितलं. किल्ला, पुरीभाजी, दोन पेपर, यादी दुसऱ्या परीक्षेची होती ते. नलूला सांगितलं नव्हतं ते. मनूला कळलं ते, कधी आणि कसं. तो उलटत राहिला. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मग त्याचा हात थांबला.

"मी पेपर घेऊन घरोघर फिरलो," म्हणाला. "तू माझ्या मागं होतास."

"होतो."

"किती घरं रे ती. कुठं पन बोलला असतास."

मी त्या म्हातारीचं, तोंडात सुकेळं कोंबल्याचं सांगितलं. इतकी वर्षं ती गोष्ट मी माझ्याशी एक निमित्त म्हणून सांभाळली होती. मोठ्याने सांगितल्यावर किती फालतू वाटली. सुकेळं चघळायला किती वेळ लागतो?

दादा म्हणाला, "मना वाटलं, माझे हात झिजले ते कामाला आले." रागाने नाही. मांडवाच्या दांड्यावर हात टेकले होते त्याने, तेच हात. मला वाटलं होतं तो ओरडेल, आणि ओरडला की सुटेन. ओरडला नाही.

मग एकदम मान वळवून म्हणाला, "पोरीला मी लोकांसमोर बोललो."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळं हां. पन बोललो मी."

ओट्यावर जाऊन त्याने मनूला हाक मारली. ती कॉलेजातून यायची होती. वहिनीने तसं सांगितल्यावर तिथेच पायरीवर बसला, फाटकाकडे तोंड करून. मी उरलेली केळी उलटली. माझ्या बाजूची आणि त्याच्याही. निघताना 'येतो दादा' म्हटलं. त्याने मान हलवली असावी. नक्की सांगता येत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

क्लास घेतला नाही. हलकं वाटेल असं ऐकून होतो. काही हलकं वगैरे वाटत नाही. आधी निदान दादा सुखी होता.

७ डिसेंबर, रविवार

रविवारी दादाचा सकाळी फोन येतो, काय जेवणार विचारायला. आज नाही. दोन वाजेपर्यंत थांबून भात टाकला.

म.चा मेसेज: 'आजोबा माझ्याशी बोलले. सॉरी म्हणाले मला. आजोबा!! मला रडू आलं.' खाली, थोड्या वेळाने: 'त्यांनी तो पेपर ट्रंकेतून काढलाय. ओट्यावर घेऊन बसलेत.'

विचारलं, काय करताहेत त्याचं.

'काही नाही. मला म्हणाले ही वरची अक्षरं वाचून दाखव. दाखवली. मग म्हणाले, तो दुसरा पोरगा कोण असेल गं, ज्याचा नंबर होता. त्याच्या घरी वाटलं असेल का कुणी काही.'

९ डिसेंबर, मंगळवार

म. येऊन गेली, पाचला. घाईत होती, क्लासला उशीर होत होता. दारातच पिशवी दिली. पुडा. यंदाच्या पहिल्या खेपेचा.

आजोबा काही म्हणाले का, विचारलं. "नाही. बांधून ठेवला होता, म्हणाले देऊन ये." हाही सगळ्यांत आधी बांधलेला का, विचारायचं होतं. नाही विचारलं.

टेबलावर ठेवला. केळीचं वाळलेलं पान, सोपटाची दोरी, तशीच गाठ. दोरीत चिठ्ठी होती. चष्मा शोधून आणला.

'भाऊ' एवढंच लिहिलंय. पुढे जागा सोडलेली आहे, आणि त्या जागेत बॉलपेनचा एक ठिपका. जरा मोठा, शाई साचलेला. पेन टेकवून बराच वेळ धरलं की पडतो तसा.

चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही नाही. कोशात ठेवायला म्हणून उठलो आणि परत बसलो. पुडा अजून सोडलेला नाही.